पेन्या : एका नावाचा इतिहास

क्रीडासंस्थांचे इतिहास बहुधा चषकांच्या याद्यांतून लिहिले जातात. कोणत्या वर्षी कोण जिंकले, कोणी किती गुण केले, अंतिम सामना कुठे झाला, एवढे सांगून झाले की इतिहासकाराची लेखणी विसावते. साहित्याच्या अभ्यासकाला अशा याद्यांत रस वाटू नये हे स्वाभाविक आहे. परंतु कॅटलोनियातील बादालोना या शहराच्या बास्केटबॉल क्लबाविषयी वाचत असताना आमचे लक्ष चषकांपेक्षा त्याच्या नावांनी अधिक वेधून घेतले. सुमारे शतकभराच्या आयुष्यात या संस्थेने इतकी नावे धारण केली, की ती नुसती क्रमाने मांडली तरी स्पेनच्या विसाव्या शतकाचा एक छेद हाती लागतो. आणि या सगळ्या नावांखालून एकच अनधिकृत नाव अखंड वाहत आले आहे : ‘पेन्या’.

बादालोना हे बार्सिलोनाला ईशान्येकडून खेटून असलेले, भूमध्य समुद्रकाठचे, दोन लाखांवर वस्तीचे शहर. रोमन काळात तेथे ‘बेतुलो’ नावाचे नगर होते आणि त्याचे अवशेष आजच्या शहराच्या पोटात जपलेले आहेत. १८४८ साली इबेरियन द्वीपकल्पातली पहिली रेल्वे बार्सिलोनाहून मातारोला गेली ती याच किनाऱ्याने. रेल्वेमागोमाग गिरण्या आणि कारखाने आले. बडीशेपेच्या मद्याची ‘आनिस देल मोनो’ ही प्रसिद्ध भट्टीही इथलीच. थोडक्यात, महानगराच्या सावलीत कष्ट करणारे हे गाव. ज्यांनी मोठ्या शहराच्या वेशीवर आयुष्य काढले आहे त्यांना ठाऊक असते, की अशा गावाला आपले वेगळेपण सतत उच्चारून दाखवावे लागते. न उच्चारल्यास ते नकाशावर उपनगर होऊन जाते.

बास्केटबॉल स्पेनमध्ये आला तो बार्सिलोनाच्या वाटेने. एउसेबी मिल्यान या पियारिस्ट पंथाच्या धर्मगुरूंनी क्यूबामध्ये हा खेळ पाहिला होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी त्यांनी तो बार्सिलोनातील आपल्या शाळेच्या अंगणात रुजवला, आणि १९२२ च्या डिसेंबरात तेथे पहिला क्लब-सामना झाला. या खेळाला फुटबॉलएवढे मैदान लागत नाही, एक अंगण आणि दोन खांब पुरतात. कारखान्यांनी जागा गिळलेल्या दाट वस्तीत तो का फोफावला याचे निम्मे उत्तर एवढ्यातच आहे. पुढे बादालोना ‘बास्केटबॉलचा पाळणा’ म्हणून ओळखले जाऊ लागले. जुव्हेंतुत, सिर्कोल कातोलिक आणि सांत जुझेप असे तीन-तीन क्लब एकाच गावात नांदले. त्यांतला सिर्कोल हा एका सूतगिरणीचे ‘कोतोनिफिसिओ’ हे नाव लावून देशाच्या वरच्या श्रेणीत काही काळ चांगला झळकला. एका गावातले दोन संघ राष्ट्रीय स्पर्धेत समोरासमोर येण्याची ही गोष्ट बार्सिलोनालाही नेहमी साधलेली नाही.

३० मार्च १९३० रोजी बादालोनातील काही तरुणांनी एक संस्था काढली. तिचे नाव त्यांनी ठेवले : ‘पेन्या स्पिरिट ऑफ बादालोना’. हे नाव प्रथम वाचताना आम्हाला ते कुणाचा तरी लेखनदोष वाटला होता. कॅटलान गावात, कॅटलान पोरांनी, अर्धे इंग्रजी नाव का ठेवावे? उत्तर आकाशात होते. तीन वर्षांपूर्वी, मे १९२७ मध्ये, चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून एकट्याने अटलांटिक ओलांडून पॅरिसला उतरला होता. त्याच्या विमानाचे नाव ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’. बादालोनाच्या पोरांनी त्यातले सेंट लुईस काढून आपले गाव बसवले, एवढेच. त्या काळी बास्केटबॉल हा त्यांच्या अनेक उद्योगांपैकी एक होता. खेळापेक्षा एकत्र असण्याची हौस मोठी होती.

ती हौस नावाच्या पहिल्या शब्दात आहे. ‘पेन्या’ म्हणजे मित्रांचे टोळके, समान आवड असलेल्यांची मंडळी. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ खडक, कडा असा आहे. मराठी वाचकाला हा प्रवास परका वाटू नये. आपल्याकडेही ‘कट्टा’ म्हणजे आधी दगडाविटांचा ओटा आणि मग त्यावर रोज संध्याकाळी जमणारी माणसे. म्हणून आम्ही ‘पेन्या’चे भाषांतर मनातल्या मनात ‘कट्टा’ असेच करतो. गावठी कट्टा आणि अटलांटिकपारचे विमान यांची सांगड घालणाऱ्या त्या नावात १९३० सालच्या तरुणाईची सारी भूक आहे.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३१ मध्ये, स्पेनमध्ये प्रजासत्ताक आले. १९३२ साली कॅटलोनियाला स्वायत्तता मिळाली. त्याच वर्षी संस्थेने नाव बदलून ‘सेंत्र एस्पोर्तिऊ बादालुनी’, म्हणजे बादालोनाचे क्रीडाकेंद्र, असे केले. विमान गेले आणि गाव राहिले. हे नाव संपूर्ण कॅटलान होते, प्रौढ होते, आणि खरे सांगायचे तर थोडे नीरसही होते. कट्ट्याची संस्था झाली की नावात अशी इस्त्री येतेच.

१९३६ ते १९३९ या यादवीने ही इस्त्रीही मोडली. १९३९ च्या जानेवारीअखेर फ्रँकोच्या फौजा बार्सिलोनात शिरल्या आणि सार्वजनिक जीवनातून कॅटलान भाषेची हकालपट्टी झाली. रस्त्यांची, दुकानांची, संस्थांची नावे स्पॅनिश झाली. बार्सिलोनाच्या विख्यात फुटबॉल क्लबालाही १९४१ मध्ये आपल्या नावातले शब्द स्पॅनिश क्रमाने लावावे लागले. बादालोनाच्या संघाने यादवीनंतर जे नाव घेतले त्याचा अर्थ ‘तारुण्य’ : स्पॅनिशमध्ये ‘हुव्हेंतुद’, कॅटलानमध्ये ‘जुव्हेंतुत’. कागदावर अर्थातच पहिले रूप गेले. देवनागरीत लिहिताना या दोन रूपांतला फरक रोमन लिपीपेक्षा ठसठशीत दिसतो. आरंभीचा ‘ह’ आणि ‘ज’, अखेरचा ‘द’ आणि ‘त’. शब्द तोंडातून निघताच बोलणारा कोणत्या भाषेत उभा आहे हे कळते.

‘पेन्या’चे तसे नाही. स्पॅनिशमध्ये हा शब्द एका वर्णाने लिहितात, कॅटलानमध्ये दोन वर्णांनी, पण उच्चार एकच. आम्ही देवनागरीत लिहिताना दोन्हींसाठी ‘पेन्या’ हेच लिहिणार, आणि ऐकणाऱ्यालाही यापलीकडे काही कळणार नाही. सरकारी दप्तरात ‘हुव्हेंतुद’ असलेल्या संघाला गाव ‘पेन्या’ म्हणत राहिले. यात कुणी जाणूनबुजून प्रतिकार केला असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. टोपणनावे प्रतिकारासाठी टिकत नाहीत, सवयीने टिकतात. तरीही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत आंदालुसियासारख्या दक्षिणेकडच्या गरीब प्रदेशांतून हजारो स्पॅनिशभाषक कामगार बादालोनात उतरले, आणि गावाची भाषाच दुभंगली. जुन्या गिरणीकामगाराचा नातू आणि नव्या स्थलांतरिताचा मुलगा यांना हाक मारण्यासाठी एकच शब्द उरला होता, जो दोघांच्याही जिभेवर सारखाच बसत होता. कॅटलान अस्मितेची चर्चा निघाली की सारे जग बार्सिलोनाच्या त्या फुटबॉल क्लबाकडे बोट दाखवते. बादालोनाचे उदाहरण त्यापेक्षा कमी भव्य आहे, पण आमच्या मते अधिक गुंतागुंतीचे आहे.

मैदानावरचा इतिहास आता थोडक्यात पाहू. संघाने १९४८ मध्ये पहिला राष्ट्रीय चषक जिंकला. त्या चषकाचे नाव ‘हेनेरालिसिमोचा चषक’, म्हणजे खुद्द फ्रँकोच्या नावाचा. पुढे १९५३, १९५५, १९५८ आणि १९६९ सालीही तो बादालोनात आला. ज्या सत्तेने गावाची भाषा दडपली तिच्याच नावाची चांदी गावाने मिरवणुकीने आणावी, या विसंगतीवर बादालोनातही कुणी तरी ओठांत हसले असेलच.

१९५७ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात अवघे सहा संघ होते. माद्रिदचे दोन : रेआल माद्रिद आणि एस्तुदियांतेस. उरलेले चार कॅटलोनियाचे : बार्सिलोना, हुव्हेंतुद, आइस्मालिबार आणि ओरियो व्हेर्दे. शेवटची दोन नावे कारखान्यांची आहेत. ‘ओरियो व्हेर्दे’ म्हणजे हिरवा काठ. साबादेलच्या कापडधंद्यातले हे नाव, ठाणाच्या किनारीवरून उचललेले. आज ते दोन्ही संघ केवळ जुन्या गुणतक्त्यांत सापडतात. मालकाने हात आखडता घेतला आणि काठ उसवला. एस्तुदियांतेस २०२१ मध्ये खालच्या श्रेणीत गेला. त्यानंतर एकही हंगाम न चुकता वरच्या श्रेणीत खेळलेले दोनच संघ उरले, रेआल माद्रिद आणि बादालोनाचा हा संघ. एकाच्या पाठीशी राजधानी आणि जगातला सर्वांत धनाढ्य म्हणावा असा फुटबॉल क्लब, तर दुसऱ्याच्या पाठीशी फुटबॉलचा पैसा नाहीच. त्या लीगच्या पहिल्या चोवीस विजेतेपदांपैकी, म्हणजे १९५७ ते १९८० या काळात, एकवीस रेआल माद्रिदने घेतली. उरलेल्या तिनांपैकी एक बार्सिलोनाचे (१९५९) आणि दोन बादालोनाची (१९६७ व १९७८). हा एकच आकडा आम्हाला चषकांच्या सगळ्या यादीपेक्षा बोलका वाटतो.

१९७२ मध्ये संघाला बंदिस्त क्रीडागृह मिळाले ते ‘आउझियास मार्क’ या नावाने ओळखले जाई. आउझियास मार्क हा पंधराव्या शतकातला व्हॅलेन्सियाचा कवी, कॅटलान काव्यपरंपरेतले एक शिखर. त्याच्या नावाच्या रस्त्यावर हे क्रीडागृह उभे राहिले म्हणून ते नाव पडले, त्यात वाङ्मयीन हेतू काहीच नव्हता. पण फ्रँको अजून जिवंत असताना, शनिवार-रविवारच्या गर्दीतला माणूस ‘आज मार्कला जायचे’ म्हणताना नकळत एका कॅटलान कवीचे नाव घेत होता, हे आम्हाला विलक्षण वाटते. वाङ्मयाचे अभ्यासक ज्याला परंपरेचे टिकणे म्हणतात ते कित्येकदा अशा रस्त्याच्या पाट्यांवर घडत असते.

फ्रँको १९७५ च्या नोव्हेंबरात वारला. कॅटलान भाषा कार्यालयांत परतली आणि ‘हुव्हेंतुद’चे ‘जुव्हेंतुत’ झाले. पण नावाला लागलेले ग्रहण सुटते न सुटते तोच दुसरे लागले, पैशाचे. व्यावसायिक खेळात नावाचा काही भाग भाड्याने देण्याची रीत पडली आणि संघ कधी फ्रेशेनेत या फेसाळ वाइनच्या नावाने, कधी नेग्रिता या रमच्या, कधी सेव्हन-अप या पेयाच्या नावाने मैदानात उतरू लागला. पुढे एका विमा कंपनीचे डीकेव्ही हे नाव आले. मधली काही वर्षे ‘मोंतिगाला’ हे नाव होते. मोंतिगाला म्हणजे बादालोनाच्याच वेशीवर नव्याने उभारलेली वस्ती. हुकूमशहाने नाव बदलायला लावले तेव्हा निदान शत्रू कोण हे ठाऊक होते. पेयाच्या कंपनीवर रागावणार तरी कसे, खेळाडूंचे पगार तीच देत होती! गुणतक्ते वाचणाऱ्या परक्या वाचकाला तर हे वेगवेगळे संघच वाटावेत. १९८१ चा कोराच चषक ‘जुव्हेंतुत फ्रेशेनेत’ने व्हेनिसच्या संघाला एका गुणाने (१०५-१०४) हरवून जिंकला. १९९२ ची युरोपीय अंतिम लढत ‘मोंतिगाला जुव्हेंतुत’ हरला. १९९४ ची ‘सेव्हन-अप जुव्हेंतुत’ने जिंकली. गाव प्रत्येक वेळी ‘पेन्या’च म्हणत होते.

या दोन अंतिम सामन्यांपाशी मात्र थांबायला हवे.

१९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे पेन्याने राष्ट्रीय लीग जिंकली. प्रशिक्षक होते लोलो साइन्स, ज्यांची कारकीर्द रेआल माद्रिदमध्ये घडली होती. संघाचा कणा मात्र घरचा होता : जुर्दी व्हिल्याकाम्पा, राफा आणि तोमास हे जुफ्रेसा बंधू. १६ एप्रिल १९९२ रोजी इस्तंबूलमध्ये युरोपीय अजिंक्यपदाचा सामना बेलग्रेडच्या पार्तिझानशी झाला. युगोस्लाव्हिया तेव्हा फुटत होता, आणि युद्धामुळे पार्तिझानला घरचे सामने घरी खेळता येत नव्हते. त्यांनी माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा या गावाला आपले घर मानले होते. अखेरच्या क्षणांत तोमास जुफ्रेसाने टोपली साधून संघाला ७०-६८ असे पुढे नेले. काही सेकंदच उरले होते. अलेक्सांदर जोर्जेविच चेंडू घेऊन मैदानभर धावत आला आणि तोल जात असतानाच त्याने तीन गुणांचा फटका मारला. ७१-७०. पार्तिझानच्या बाकावर बसलेला प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच वर्षापूर्वीपर्यंत स्वतः खेळाडू होता.

त्याच उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिंपिकचे बास्केटबॉल सामने बादालोनाच्या नव्या क्रीडाप्रासादात झाले. एस्तेव्ह बोनेल आणि फ्रान्सेस्क रिउस यांनी रचलेल्या या वास्तूला त्या वर्षी वास्तुकलेचा मीस व्हान डेर रोहे युरोपीय पुरस्कार मिळाला. जगाला तेथला अमेरिकेचा ‘ड्रीम टीम’ आठवतो. बादालोनाला आणखी एक रात्र आठवते, स्पेन अंगोलाकडून ६३-८३ असा हरला ती. स्पेनच्या त्या संघात व्हिल्याकाम्पा होता आणि दोघे जुफ्रेसाही होते. तीन महिन्यांपूर्वी एका गुणाने हरलेली हीच माणसे आता आपल्याच अंगणात मान खाली घालून उभी होती.

आणि मग १९९३ मध्ये पेन्याने काय करावे? ज्याने इस्तंबूलमध्ये घास काढून घेतला त्या ओब्रादोविचलाच प्रशिक्षक म्हणून बोलावले! कादंबरीत कुणी असे लिहिले तर समीक्षक म्हणून आम्ही त्यावर योगायोगाचा ठपका ठेवला असता. २१ एप्रिल १९९४ रोजी तेल अव्हीव्हमध्ये ग्रीसच्या ओलिंपियाकोसविरुद्ध अंतिम सामना झाला. त्याआधी उपांत्य फेरीत गाठ पडली ती खुद्द बार्सिलोनाशी, आणि पेन्या ७९-६५ असा जिंकला. अंतिम सामना सौंदर्यहीन होता. दोन्ही संघ मिळून जेमतेम एकशे सोळा गुण झाले, बचाव अतिकडवा, चेंडू हातात धरून वेळ काढणारा. शेवटच्या मिनिटात पेन्या मागे असताना कॉर्नी थॉम्पसन या अमेरिकन खेळाडूने तीन गुणांचा फटका साधला : ५९-५७. ओलिंपियाकोसच्या झार्को पास्पालला बरोबरीची संधी मुक्त फेकीवर मिळाली, ती हुकली. युरोपचे अजिंक्यपद जिंकणारा हा पहिला कॅटलान बास्केटबॉल संघ ठरला. बार्सिलोनाला त्यासाठी २००३ पर्यंत थांबावे लागले. अमेरिकन विमानाच्या नावाने जन्मलेल्या कट्ट्याला एका अमेरिकनाच्या हाताने आणि एका सर्बियन डोक्याने शिखरावर नेले. शुद्ध मातीच्या अस्मितेचे भक्त या तपशिलावर फारसे रेंगाळत नाहीत. आम्हाला तो या इतिहासाचा गाभाच वाटतो.

शिखरानंतरचा उतार लगेच सुरू झाला. ओब्रादोविच रेआल माद्रिदला गेला आणि पुढच्याच वर्षी तेथे युरोपविजेता ठरला. यामागचे कारण केवळ मोहाचे नव्हते, कायद्याचेही होते. १९९० च्या क्रीडा कायद्याने व्यावसायिक क्लबांना भागभांडवली कंपन्या होणे भाग पाडले. ज्यांचे ताळेबंद ठीक होते अशा चार फुटबॉल क्लबांना सूट मिळाली, आणि रेआल माद्रिद व बार्सिलोना हे त्यांतले दोन. म्हणजे पेन्याचे दोन्ही मोठे प्रतिस्पर्धी सभासदांच्या मालकीचे राहिले, बास्केटबॉलचा तोटा फुटबॉलच्या नफ्यातून भरत राहिले, आणि मित्रांच्या टोळक्यातून जन्मलेला कट्टा मात्र कागदोपत्री कंपनी झाला. नाव ‘टोळके’, रचना कंपनीची. या कंपनीकडे विकण्याजोगा माल एकच होता.

तो माल म्हणजे तारुण्य. १९३९ नंतर घेतलेले ते नाव आता धंद्याचे वर्णन ठरले. मुले शोधायची, घडवायची, पंधराव्या-सोळाव्या वर्षी मोठ्यांत उतरवायची आणि बहरात आली की विकायची. राउल लोपेस, आलेक्स मुम्ब्रू, रुदी फेर्नांदेस अशी ही मालिका. १९९७ चा राजाचा चषक हा व्हिल्याकाम्पाच्या पिढीचा निरोप होता. १९९९ ते २०१७ तोच क्लबाचा अध्यक्ष राहिला, आणि खेळाडू म्हणून कधीही दुसऱ्या संघात न गेलेल्या माणसाला अध्यक्ष म्हणून इतरांची मुले पाठवून द्यावी लागली. १५ ऑक्टोबर २००५ रोजी एल मास्नोउ या शेजारच्या गावचा रिकी रुबिओ संघात उतरला तेव्हा त्याला पंधरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. स्पेनच्या लीगमध्ये इतक्या लहान वयात कुणीच खेळले नव्हते. आइतो गार्सिया रेनेसेस यांच्या हाताखाली या पोरांनी २००६ मध्ये युरोपचा एक दुय्यम चषक, २००८ मध्ये राजाचा चषक आणि त्याच वर्षी युलेब चषक जिंकला. त्याच उन्हाळ्यात रुदी अमेरिकेला गेला. २००९ मध्ये रुबिओ गेला, तोही नेमका बार्सिलोनाला. पस्तीस लाखांहून अधिक युरो आले आणि ते लागतच होते. त्यानंतरच्या दशकात कर्ज इतके वाढले की २०१८ च्या सुमारास क्लब बंद पडतो की काय अशी वेळ आली. नवे भांडवल उभे राहिले म्हणून तो वाचला. तोपर्यंत अध्यक्षपद तेल अव्हीव्हच्या संघातल्या आणखी एका खेळाडूकडे, हुआन आंतोनिओ मोरालेसकडे, आले होते.

या व्यवहाराला शोकांतिका म्हणावे काय, यावर आमच्यातही एकमत नाही. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे की, जो क्लब आपली मुले ठेवू शकत नाही त्याला क्लब म्हणणे ही आत्मवंचना आहे. दुसऱ्याचे म्हणणे, शाळाही मुले ठेवून घेत नाही, म्हणून ती शाळा नाही काय? पहिल्याचे उत्तर, शाळेला गुणतक्ता नसतो. वाद तेथेच थांबला आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात रिकी रुबिओ बादालोनाला परतला. मधल्या सोळा वर्षांत तो बार्सिलोनाकडून खेळला, अमेरिकेत बारा हंगाम काढले, २०१९ साली स्पेनबरोबर जगज्जेता झाला, आणि मनःस्वास्थ्यासाठी खेळ थांबवावा लागल्याचे त्याने जाहीरपणे सांगितले. चौतीस वर्षांचा हा माणूस ‘तारुण्य’ नावाच्या संघाची हिरवी-काळी जर्सी पुन्हा घालायला आला, तेव्हा गावातल्या लोकांच्या तोंडी त्या संघाचे नाव अर्थातच दुसरे होते.